हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांचं खरं मत कसं घ्यावं: सांगली-मिरजेतल्या मध्यम हॉस्पिटलांसाठी पायरी-पायरीने

सांगली-मिरज रस्त्यावर आणि विश्रामबागेत अनेक हॉस्पिटलं वर्षातून एकदा कर्मचारी समाधान सर्वेक्षण करतात. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मानकांत मनुष्यबळ व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे त्या मान्यतेची तपासणी, म्हणजे असेसमेंट, जवळ आली की फॉर्म छापून येतात. इनचार्ज सिस्टर ते वॉर्डात वाटतात, संध्याकाळपर्यंत भरलेले गठ्ठे ऑफिसात पोचतात आणि जवळजवळ सगळेच 'समाधानी' निघतात. मग महिन्याभरात आयसीयूतल्या दोन-तीन सिस्टर एकदम राजीनामा देतात आणि ऑफिसातले एकमेकांना विचारत बसतात, "काही बोलल्या का नाहीत?"

त्यांना बोलता येईल अशी सोयच नव्हती, म्हणून बोलल्या नाहीत. ती सोय कशी करायची, कुठल्या क्रमाने करायची आणि कुठे हमखास चुकतं, ते पुढे लिहिलं आहे. साधारण 50 ते 300 कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटलचे एचआर, मेट्रन आणि ॲडमिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एमबीए किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हाच क्रम चालेल.

सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एचआरचं धोरण फाइलमध्ये एक असतं आणि वॉर्डात पोचेपर्यंत दुसरंच झालेलं असतं. फाइलमध्ये वर्षाला 8 किरकोळ रजा लिहिलेल्या असतात. तासगावच्या सिस्टरला भावाच्या लग्नासाठी दोन दिवस हवे असतात, ती इनचार्जकडे जाते आणि उत्तर मिळतं, "बदली माणूस दे आणि जा." चार जणींना फोन करून कुणी तयार झाली नाही तर रजा गेली. त्या सिस्टरच्या लेखी हॉस्पिटलचं रजेचं धोरण एवढंच: बदली मिळाली तर रजा. ऑफिसला वाटतं आपण 8 रजा देतो. सर्वेक्षणातून आपल्याला तिच्यापर्यंत पोचलेलं धोरण शोधायचं आहे. फाइलमधलं तर आपल्याला आधीच माहीत आहे.

## पायरी 1: डॉक्टरांकडून किंवा ट्रस्टींकडून आधी शब्द घ्या

प्रश्न लिहायला बसण्याआधी जे निर्णय घेतात त्यांच्यासमोर बसा आणि तीन गोष्टी कागदावर घ्या. निकाल कर्मचाऱ्यांना दाखवला जाईल, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत. कुणी काय लिहिलं याचा शोध घेतला जाणार नाही. आणि निकालातल्या निदान दोन-तीन गोष्टींवर लगेच काम करायला थोडा पैसा आणि अधिकार एचआरकडे असेल.

"आधी निकाल बघू, मग ठरवू" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं मी अगदी ठामपणे सांगेन. एकदा मनापासून लिहून काहीच हललं नाही, तर पुढच्या वर्षी तोच माणूस डोळे मिटून सगळीकडे 'समाधानी'वर खूण करतो आणि नव्याने लागलेल्यांनाही तसंच करायला सांगतो.

तपासा: ज्या विषयांवर प्रश्न विचारणार आहात त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, "उत्तर वाईट आलं तर कोण, काय करणार?" रकाना कोरा राहिला तर तो विषय यंदा काढून टाका. पगाराचा विषय मात्र काढू नका. पगारवाढ आपल्या हातात नसली तरी पगार वेळेवर होतो का, स्लिप मिळते का, कपात समजते का, हे आपल्याच हातात असतं.

## पायरी 2: माणसांची यादी

हजेरीपटावर जेवढी नावं असतात त्यापेक्षा जास्त माणसं हॉस्पिटल चालवतात. ठेकेदाराकडून आलेल्या हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीचे मामा, बाहेरच्या लॅबचे टेक्निशियन, बदलीवर येणारे वॉर्डबॉय आणि शिकाऊ नर्सेस हे सगळे यादीत घ्या. ठेक्यावरच्यांना फक्त एक प्रश्न वेगळा ठेवा: "तुमचा पगार कोण देतं आणि तक्रार असेल तर तुम्ही कुणाकडे जाता?" ठेकेदार म्हणतो हॉस्पिटलला विचारा, हॉस्पिटल म्हणतं ठेकेदाराला विचारा, आणि मध्ये मावशी अडकते. ही अडचण बहुतेक सर्वेक्षणांत येतच नाही, कारण मावशीला कुणी विचारलेलंच नसतं.

व्हिजिटला येणारे कन्सल्टंट घेऊ नका. ते हॉस्पिटलच्या एचआर नियमांखाली काम करत नाहीत आणि त्यांची उत्तरं आकडे फिरवतात. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलच्याच नोकरीत असलेले निवासी डॉक्टर, मात्र घ्याच.

इथली नेहमीची चूक नमुना काढण्याची. किती जणांना विचारायचं हे काढायला विद्यार्थी यामाने यांचं सूत्र लावतात: एकूण संख्या भागिले (1 अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग). 240 कर्मचारी आणि 5 टक्के मर्यादा धरली तर 240 भागिले 1.6, म्हणजे 150. गणित बरोबर आहे, पण 240 माणसांच्या हॉस्पिटलात 150 निवडायची गरज काय? "माझंच नाव का आलं?" ही शंका तिथेच सुरू होते आणि उत्तरं बिघडतात. सगळ्यांना विचारा. कॉलेजच्या नियमामुळे नमुना घ्यावाच लागला तर प्रत्येक गटातून त्याच्या प्रमाणात घ्या, नाहीतर दुपारी ऑफिसात सापडलेले सगळे बिलिंगवालेच नमुन्यात येतात.

निकाल सांगताना कोणते गट करायचे तेही आत्ताच ठरवा. चार-पाच पुरेत: नर्सिंग; मावशी-मामा, वॉर्डबॉय आणि हाउसकीपिंग; लॅब, एक्स-रे, ओटी आणि फार्मसी; रिसेप्शन, बिलिंग आणि ऑफिस; आरएमओ. ज्या गटात 10 पेक्षा कमी माणसं असतील तो दुसऱ्याला जोडा. आरएमओ सहाच असतील तर त्यांचा आकडा वेगळा छापायचा नाही.

## पायरी 3: प्रश्न लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंटरनेटवरून उतरवलेली इंग्रजी प्रश्नावली मराठीत उलथवली की पुढचं सगळं वाया जातं. "संस्थेची मूल्यमापन प्रणाली पारदर्शक व न्याय्य आहे" या वाक्यावर कॅज्युअल्टीतला ब्रदर काय उत्तर देणार? पूर्ण सहमत लिहून मोकळा होतो.

मत विचारण्याआधी अनुभव विचारा. "प्रशिक्षण समाधानकारक आहे का?" असं विचारलं की सभ्य उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

- गेल्या 6 महिन्यांत तुम्हाला एखादं प्रशिक्षण मिळालं का?
- ते ड्युटीच्या वेळेत झालं की सुट्टीच्या दिवशी यावं लागलं?
- त्यात शिकवलेलं वॉर्डात वापरायला मिळालं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळं सांगून जातं. वीकली ऑफच्या दिवशी जयसिंगपूरहून बस पकडून दोन तासांच्या ट्रेनिंगला आलेल्या मुलीला ते प्रशिक्षण शिक्षाच वाटतं, आणि आपण अहवालात लिहितो की 92 जणांना प्रशिक्षण दिलं.

एका प्रश्नात एकच गोष्ट. "पगार वेळेवर आणि योग्य मिळतो" यात दोन प्रश्न आहेत. वेळेवर मिळतो पण कमी आहे असं ज्याला म्हणायचंय, त्याने कुठे खूण करायची?

नकारार्थी वाक्यं टाळा. "माझी तक्रार वरपर्यंत पोचत नाही" यावर 'नाही' म्हटलं तर पोचते की पोचत नाही? घाईत निम्मे लोक उलट खूण करतात. काही प्रश्न उलट्या दिशेने विचारावेच लागतात, म्हणजे एकाच रकान्यात सरसकट खुणा करणारे लक्षात येतात. पण वाक्य होकारार्थीच ठेवा: "रजा मागायला मला भीती वाटते." "ड्युटीचा तक्ता आयत्या वेळी बदलला जातो."

खुणेचे पर्याय वारंवारतेचे ठेवा. 'पूर्णपणे असहमत ते पूर्णपणे सहमत' ही पट्टी ऑफिसातल्यांना जमते. वॉर्डासाठी 'कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी' ही सोपी पडते. 'लागू नाही' हा वेगळा रकाना विसरू नका. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू आहे. त्याच्या वरच्या माणसाला ईएसआयबद्दल विचारून 'कधीच नाही'वर खूण करायला लावलीत तर तुमचा आकडा खोटा पडला.

विषय कोणते? इथल्या हॉस्पिटलांत खरंच बोलण्यासारखे विषय हे आहेत आणि प्रत्येकाखाली तीन-चार प्रश्न पुरतात.

नेमणूक: नेमणूक पत्र हातात मिळालं का, त्यात लिहिलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम एकच आहे का. शिवाय हा प्रश्न धीर करून विचाराच: "तुमची मूळ प्रमाणपत्रं सध्या कुणाकडे आहेत?" बाँडसाठी मूळ कागद ठेवून घेतलेले असतील तर त्या माणसाच्या बाकीच्या सगळ्या उत्तरांवर त्याची सावली पडते.

ड्युटी: तक्ता किती दिवस आधी कळतो, लागोपाठ किती रात्री लागतात, हँडओव्हरसाठी ड्युटी संपल्यावर किती वेळ थांबावं लागतं. दुपारपाळी रात्री सुटल्यावर घरी कसं जाता, हा प्रश्न बायकांसाठी फार महत्त्वाचा आहे. कवठेमहांकाळ किंवा कागवाडकडे जाणारी बस चुकली तर ती मुलगी रात्र कुठे काढते, हे ऑफिसला माहीत असायला हवं.

पगार आणि कपात: स्लिप मिळते का, कपात समजते का. ईएसआयसाठी पगारातून 0.75 टक्के जातात, पीएफसाठी साधारणपणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के. "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही पीएफचं पासबुक पाहिलंय का?" असं विचारा. बहुसंख्यांनी 'नाही' म्हटलं तर त्याचा उपाय एका दुपारचा आहे: यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) चालू करून मोबाइलवर पासबुक कसं बघायचं ते दाखवा. 'कापतात पण भरत नाहीत' ही कुजबुज त्यानंतर थांबते, अर्थात भरत असाल तर.

सुरक्षितता: "गेल्या 12 महिन्यांत तुम्हाला सुई टोचली का?" आणि लगेच पुढे, "टोचली तेव्हा कळवलं का? नसेल तर का?" हा एचआरचाच प्रश्न आहे. एचआयव्हीपासून बचावाची औषधं लवकरात लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ओरडा बसेल म्हणून मावशीने दोन दिवस सांगितलंच नाही तर तो उशीर भीतीमुळे झाला, आणि ती भीती आपण काढू शकतो. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस झाले का, तेही विचारा. 0, 1 आणि 6 महिने असं वेळापत्रक असतं आणि तिसरा डोस हमखास राहतो, विशेषतः ठेक्यावरच्यांचा. नातेवाइकांनी अंगावर येण्याचे प्रसंग घडले तेव्हा हॉस्पिटल पाठीशी उभं राहिलं का, हाही प्रश्न इथेच घ्या. रुग्णालयांतील हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, पण पोलिसांत तक्रार द्यायला ऑफिसातून कोण बरोबर आलं, हे कर्मचारी विसरत नाहीत.

तक्रार आणि वागणूक: चूक झाली तर बाजूला घेऊन सांगतात की पेशंटसमोर ओरडतात? कौतुक शेवटचं कधी झालं? पगारवाढ कशावरून ठरते हे कुणी समजावलं का?

एकूण 25 ते 30 प्रश्न आणि शेवटी दोनच मोकळ्या जागा: "कोणती एक गोष्ट बदलली तर तुमचं काम सोपं होईल?" आणि "कोणती गोष्ट चांगली चालली आहे, ती बदलू नये?" दुसरा प्रश्न ठेवाच. जे चांगलं चाललंय ते आपण बेसावधपणे मोडतो.

सावधान: मोकळ्या जागेत कुणी लैंगिक छळाबद्दल लिहू शकतं. निनावी फॉर्मवरून चौकशी चालत नाही आणि तुम्ही स्वतः शोध घ्यायला लागलात तर त्या बाईचंच नुकसान होईल. म्हणून फॉर्मच्या शेवटी अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन छापा. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ही समिती असावीच लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही त्याच ठिकाणी लिहा. समितीच नसेल तर सर्वेक्षण थांबवा आणि आधी समिती करा.

भाषा: मराठी फॉर्म मुख्य. मिरजेत कर्नाटकातून येणारा आणि जत भागातला बराच स्टाफ कन्नड बोलतो, त्यांच्यासाठी कन्नड फॉर्म तयार ठेवा. केरळकडच्या सिस्टर असतील तर इंग्रजीही. भाषांतर झालं की दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा मराठीत करून घ्या आणि मूळ वाक्याशी ताडून बघा.

## पायरी 4: आधी आठ-दहा जणांवर चाचणी

प्रत्येक गटातले दोघं घ्या. फॉर्म भरून झाल्यावर प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा." जिथे माणूस अडखळला तो प्रश्न पुन्हा लिहा. पूर्ण भरायला बारा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रश्न कमी करा. चाचणीतले फॉर्म अंतिम मोजणीत धरू नका.

## पायरी 5: नाव न कळण्याची खरी व्यवस्था

'तुमची माहिती गोपनीय ठेवली जाईल' हे वाक्य प्रत्येक फॉर्मवर असतं आणि त्यावर कुणाचाच विश्वास नसतो. बरोबरच आहे. फॉर्मचा पहिला भाग पाहा: विभाग आयसीयू, लिंग पुरुष, पद स्टाफ नर्स, अनुभव 5 ते 10 वर्षं, पाळी रात्र. आयसीयूत असा ब्रदर एकच आहे. नाव न लिहिताही त्याने सही केल्यासारखंच झालं. त्याला हे फॉर्म हातात घेतल्या क्षणी कळतं.

म्हणून वैयक्तिक माहितीचे प्रश्न दोनच ठेवा: गट (पायरी 2 मधला) आणि नोकरीची वर्षं, तीही 'दोन वर्षांपेक्षा कमी' आणि 'दोन किंवा जास्त' एवढीच. वय, लिंग, वॉर्ड, शिक्षण, काही नको. विद्यार्थ्यांच्या गाइडना हे पटत नाही, कारण त्यांना लिंगनिहाय तक्ता हवा असतो. त्यांना सांगा की तक्ता भरला जाईल, पण उत्तरं खोटी येतील.

बाकीची व्यवस्था अशी:

1. फॉर्मवर क्रमांक, बारकोड किंवा वॉर्डाचा शिक्का नको. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन आणि एकसारखं पाकीट द्या.
2. इनचार्जने ना वाटायचे, ना गोळा करायचे. त्यांनाही स्वतःचा फॉर्म भरायचा आहेच.
3. पेटी बायोमेट्रिक मशिनशेजारी ठेवू नका, तिथे कॅमेरा असतो. चेंजिंग रूमबाहेर किंवा कॅन्टीनमध्ये, कॅमेरा नसलेली जागा बघा.
4. प्रत्येकाने पाकीट टाकायचं, भरलेलं किंवा कोरं. म्हणजे 'कुणी भरलं नाही' हे कुणालाच दिसत नाही आणि मागे लागायचं कारण उरत नाही.
5. पेटीची किल्ली बाहेरच्या माणसाकडे द्या. समाजकार्य किंवा व्यवस्थापनाच्या कॉलेजमधले एखादे प्राध्यापक हे काम आनंदाने करतात.
6. मोकळ्या जागेतला मजकूर त्यांनीच टाइप करायचा, नावं, वॉर्ड आणि ओळख पटेल असे प्रसंग काढून. हस्ताक्षरातले कागद ऑफिसात येताच कामा नयेत.

गूगल फॉर्मने सोपं होईल असं वाटतं. पण 'एकदाच उत्तर' ही अट लावली की प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून लॉगिन करावं लागतं आणि तिथेच विश्वास जातो. अट काढली तर एकच माणूस पाच वेळा भरू शकतो. त्यातून लिंक वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की खाली "भरलं का सगळ्यांनी?" असा मेसेज येतोच. मध्यम हॉस्पिटलसाठी मी कागदच सुचवेन.

वाचायला अडचण असलेल्या मावशी-मामांसाठी वेगळी सोय लागते. बाहेरच्या व्यक्तीने आठ-दहा जणांना एका खोलीत बसवून प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकाने आपल्या कागदावर खूण करायची. त्यांच्या फॉर्मवर 'हो, कधी कधी, नाही' एवढे तीनच पर्याय ठेवा. सुपरवायझर त्या वेळी खोलीत नको, दारातही नको.

## पायरी 6: कधी आणि कसं गोळा करायचं

पगारवाढीच्या आणि दिवाळी बोनसच्या आगेमागे घेऊ नका. बोनस चांगला झाला तर सगळं गोड, नाही झाला तर सगळं कडू. जुलै-ऑगस्टही टाळा. डेंगी-तापाची गर्दी असते आणि कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ चढायला लागलं की निम्म्या स्टाफचं लक्ष घराकडे असतं. 2019 च्या महापुरानंतर तर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरा. असेसमेंटच्या आधीचा महिना मात्र नको.

पेटी सलग सात दिवस ठेवा, म्हणजे तिन्ही पाळ्या आणि प्रत्येकाचा वीकली ऑफ फिरून येतो. फॉर्म ड्युटीच्या वेळेतच भरायचा. पंधरा मिनिटं सुटका देऊन त्या वेळी कॉल बेल कोण बघणार, हे मेट्रननी आधीच ठरवून द्यावं. रात्रपाळीचे फॉर्म पाळीच्या शेवटी नकोत. रात्रभर जागलेल्या माणसाचं सकाळचं उत्तर थकव्याचं असतं.

थांबा आणि बघा: तिसऱ्या दिवशी फक्त पाकिटं मोजून घ्या, उघडू नका. संख्या फार कमी असेल तर आठवणीची सूचना सगळ्यांसाठी एकच, नोटीस बोर्डावर. वॉर्डात जाऊन विचारायचं नाही.

## पायरी 7: मोजणी

मोजणी एक्सेलमध्ये सहज होते, पण चार ठिकाणी चुकतं.

'लागू नाही' आणि कोरी जागा यांना शून्य धरू नका. शून्य धरलं की सरासरी खाली येते आणि चुकीच्या विभागावर खापर फुटतं. तो चौकोन रिकामा सोडा.

उलट्या दिशेचे प्रश्न मोजण्याआधी पलटवा. पाचाच्या पट्टीवर 6 मधून उत्तर वजा करायचं: 5 चा 1 होतो, 2 चा 4.

एकाच सरासरीवर विसंबू नका. वीस जणांपैकी दहांनी 5 दिले आणि दहांनी 1 दिला तर सरासरी 3 येते. अहवालात 'ठीकठाक' लिहिलं जातं, पण त्या हॉस्पिटलात ठीकठाक असा एकही माणूस नाही. दहा कायम आहेत आणि दहा ठेक्यावरचे, एवढीच गोष्ट आहे. त्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी 'बहुतेक वेळा' आणि 'नेहमी' म्हणणारे किती टक्के, आणि 'कधीच नाही' किंवा 'क्वचित' म्हणणारे किती टक्के, हे गटाप्रमाणे मांडा.

प्रतिसाद किती आला हे लपवू नका. 240 पैकी 180 भरलेले आणि 60 कोरे आले तर 75 टक्के. त्या साठ कोऱ्या पाकिटांचाही अर्थ आहे: एवढ्या लोकांना अजून भरवसा नाही.

विद्यार्थ्यांसाठी एवढंच: क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, 0.70 च्या वर हवा हे खरं, पण तो एकाच कल्पनेचे प्रश्न एकत्र घेऊन काढायचा असतो. 'सुई टोचली का' आणि 'स्लिप मिळते का' एकत्र करून अल्फा काढला तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

## पायरी 8: आकड्यांनंतर गप्पा

आकडा कुठे दुखतंय ते दाखवतो, का दुखतंय ते नाही. सर्वात वाईट निघालेले तीन विषय घ्या आणि एकाच दर्जाच्या सहा-आठ जणांबरोबर पाऊण तास बसा. सिस्टर आणि इनचार्ज एका बैठकीत नकोत. बाहेरचीच व्यक्ती बोलेल. सुरुवात अशी करा: "रजेबद्दल बऱ्याच जणांनी असं लिहिलंय. सहसा काय होतं?" 'तुमच्या बाबतीत काय झालं' असं विचारू नका. 'सहसा' विचारलं की लोक मोकळे होतात.

रेकॉर्डिंग नको. हाताने मुद्दे लिहा आणि शेवटी वाचून दाखवा. इनचार्जची वेगळी बैठक जरूर घ्या. बदली माणूस मागणाऱ्या इनचार्जला स्वतःला जादा स्टाफ मिळालेला नसतो, हे तिथेच कळतं, आणि दोष माणसावर न जाता तक्त्यावर जातो.

## पायरी 9: निकाल परत देणं

पेटी बंद झाल्यापासून तीन आठवड्यांत. ड्युटी रूममध्ये एका पानाचा कागद लावा, मराठीत: तुम्ही काय सांगितलं, आम्ही काय करतोय, कोण करणार, कधीपर्यंत. जे होणार नाही तेही त्याच कागदावर, कारणासह. "यंदा नवीन नर्सिंग होस्टेल शक्य नाही, पण रात्री सुटणाऱ्या पाळीसाठी मिरज स्टँडपर्यंत गाडी 1 तारखेपासून सुरू" असं स्पष्ट लिहिलेलं लोकांना पटतं.

पहिल्या आठवड्यात होण्यासारखं काहीतरी लगेच करा: महिन्याचा तक्ता 25 तारखेला लावणं, स्लिप व्हॉट्सॲपवर पाठवणं, राहिलेला लसीचा डोस देणं, ऑफिसच्या कपाटातली मूळ प्रमाणपत्रं सही घेऊन परत करणं. पैसा यातल्या कुठल्याच गोष्टीला फारसा लागत नाही.

सावधान: निकाल लागल्यावर महिन्याभरात कुणाची बदली किंवा कारवाई करायची असेल, ती कितीही वेगळ्या कारणाची असली, तरी कारण लेखी आणि स्पष्ट ठेवा. नाहीतर "लिहिलं म्हणून काढलं" एवढंच वॉर्डात उरतं आणि पुढची पाच वर्षं पेटीत कोरी पाकिटं येतात.

सहा महिन्यांनी पूर्ण सर्वेक्षण पुन्हा करू नका. ज्या गोष्टींवर काम केलं त्यांचेच सहा-सात प्रश्न, शब्दही न बदलता, त्याच गटांना, त्याच पेटीतून विचारा. शब्द बदलले तर दोन आकडे ताडता येत नाहीत. मधल्या काळात जे सोडून गेले त्यांच्या जागी आलेल्यांची उत्तरं 'दोन वर्षांपेक्षा कमी' या रकान्यात वेगळी दिसतील. ती आधी वाचा. नेमणूक पत्र आणि तक्त्याबद्दल त्यांना जे सांगितलं गेलं, ते जुन्यांच्या पहिल्या फेरीतल्या उत्तरांशेजारी ठेवून बघा आणि मूळ फॉर्म किल्ली असलेल्या व्यक्तीसमोरच नष्ट करा.